दमाचे मोजमाप

हृदय निकामी होणे म्हणजे ते बंद पडणे नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवण्याची त्याची ताकद घटते, किंवा ते रक्त पुरवताना आतला दाब इतका वाढतो की फुप्फुसांत आणि पायांत पाणी साचू लागते. डॉक्टर याला हार्ट फेल्युअर म्हणतात. रुग्णाच्या तोंडून मात्र हा आजार बहुधा एकाच तक्रारीने कळतो: चालले की दम लागतो. आधी चढावर लागतो, मग सपाटीवर, पुढे अंघोळ करताना, आणि शेवटी पाठीशी दोन-तीन उशा घेतल्याशिवाय रात्री झोप येत नाही. अशा रुग्णापुढे किती आयुष्य आहे, हे सांगण्याचे साधन वैद्यकाला फार उशिरा सापडले. त्याच्या दम लागण्याचेच मोजमाप करणे, हे ते साधन.

मोजमापाआधी वर्गवारी आली. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये हृदयरुग्णांचे चार वर्ग पाडले. नेहमीच्या कामात काहीच त्रास नसलेला पहिल्या वर्गात, बसल्या जागी धाप लागणारा चौथ्यात, आणि उरलेले मधल्या दोनांत. ही वर्गवारी आजही प्रत्येक केसपेपरवर लिहिली जाते, कारण तिला प्रश्न विचारण्यापलीकडे काही लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत हा प्रश्न मोहफुले वेचण्याचा, तेंदूपत्ता तोडण्याचा, बांधीत चिखल तुडवत रोवणी करण्याचा असतो. गेल्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला गेलेला माणूस यंदा पाने जमा करण्याच्या फळीपर्यंतही जात नसेल, तर आजार वाढला हे सांगायला यंत्र लागत नाही. पण वर्गवारीत एक मोठी फट राहते. दम लागतो म्हणून माणूस हळूहळू कामेच कमी करतो, आणि मग ‘त्रास नाही’ असे खरेपणाने सांगतो. त्याचा वर्ग दुसरा लिहिला जातो. हृदय तिसऱ्यात गेलेले असते.

ही फट यंत्रांनीही बुजवली नाही. इको म्हणजे हृदयाची ध्वनिलहरींनी केलेली तपासणी; तिच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन हा आकडा असतो. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, ते त्यावरून कळते. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. हा आकडा जितका कमी तितकी माणसाची चाल कमी, असा सरळ हिशेब असेल असे वाटे. जोसेफ फ्रान्चिओसा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये रुग्णांना प्रत्यक्ष श्रम करायला लावून ताडून पाहिले, तेव्हा दोहोंचा मेळ बसेना. २० टक्के असलेला एखादा रुग्ण बराच वेळ चाले, तर ३५ टक्के असलेला लवकर थांबे. कारण इको पलंगावर निजलेल्या माणसाचा असतो. बैलाचे बळ गोठ्यात कळत नाही, भरली गाडी चढावर ओढताना कळते. हृदयाची राखीव ताकदही श्रमातच उघडी पडते.

श्रम मोजण्याचा पाया तोपर्यंत शंभर वर्षे जुना झाला होता. जर्मन शरीरशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये एक साधा हिशेब मांडला: शरीराने मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन म्हणजे हृदयाने मिनिटाला फेकलेले रक्त गुणिले त्या रक्तातून पेशींनी काढून घेतलेला ऑक्सिजन. इंग्लंडमध्ये आर्चिबॉल्ड हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ च्या सुमारास धावणाऱ्या माणसांचा उच्छ्वास पिशव्यांत गोळा केला आणि दाखवले की वेग वाढवत नेला तरी एका टप्प्यापुढे ऑक्सिजनचा वापर वाढत नाही. ही त्या माणसाची कमाल मर्यादा. निवांत बसलेल्या माणसाला किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. धडधाकट तरुण पुरुषाची कमाल मर्यादा साधारण ३५ ते ४५ असते, म्हणजे बसल्या जागेच्या दहा-बारा पट. रक्तातून ऑक्सिजन काढून घेण्याची पेशींची क्षमता एका हद्दीपर्यंतच वाढते. त्यामुळे ही कमाल मर्यादा बरीचशी हृदयावर ठरते. फिकचा हिशेब आणि हिलचा प्रयोग एकत्र ठेवले असते, तर हृदयाची राखीव ताकद नाकातोंडावाटे मोजता येते हे तेव्हाच ध्यानात आले असते. तसे घडायला आणखी साठ वर्षे लागली.

उशीर होण्याचे कारण भीती हे होते. श्रमाची चाचणी हृदयरोगात आली होती, पण ती छातीत दुखणाऱ्यांसाठी. आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये रुग्णांना दोन पायऱ्यांवर चढ-उतार करायला लावले. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये ट्रेडमिलवर दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवण्याची पद्धत रूढ केली. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणून आजही तीच वापरतात. हृदय निकामी झालेल्याला मात्र विश्रांतीच द्यायची, हा नियम होता. न्यू ऑर्लिन्सचे जॉर्ज बर्च हे नामवंत हृदयतज्ज्ञ तर साठच्या दशकात हृदय फुगलेल्या रुग्णांना महिनोन्महिने अंथरुणावर ठेवत. अशा माणसाला ट्रेडमिलवर चढवून तो थकून थांबेपर्यंत चालवावे, हा विचार त्या काळी अघोरी वाटला असता.

ही कोंडी शल्यचिकित्सेने फोडली, आणि तिचा एक महत्त्वाचा प्रसंग मुंबईत घडला. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले आणि आशियातलेही पहिले हृदयारोपण केले. जगातली ती सहावी अशी शस्त्रक्रिया होती. महापालिकेचे रुग्णालय, गिरणगावातली वस्ती, परदेशी चलनाची टंचाई आणि आयात उपकरणांची वानवा अशा परिस्थितीत सेन आणि त्यांचे सहकारी शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर वर्षानुवर्षे सराव करत होते. केपटाऊनची बातमी आली तेव्हा ते तयार होते. बातमी ऐकून तयारीला लागले नव्हते. रुग्ण तीन तास जगला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरे आरोपण केले, तोही रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. मेंदूमृत्यूचा कायदा देशात नव्हता, शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची औषधे अपुरी होती, आणि प्रयत्न तिथेच थांबला. केईएमच्या या पर्वाला मराठी वाचकांच्या स्मरणात जेवढी जागा मिळायला हवी होती, तेवढी मिळाली नाही.

थांबणे फक्त मुंबईच्या वाट्याला आले नाही. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक आरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण लवकरच दगावले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी बहुतेक केंद्रांनी हात आवरता घेतला. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे नेटाने काम करत राहिले. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि आरोपण झालेले रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले. तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. हृदये मोजकी आणि मागणारे शेकडो. मग आधी कोणाला द्यायचे? १९६८ मध्ये हा प्रश्न पडलाच नव्हता, कारण टेबलावर घेतलेला रुग्ण मरणाच्या दारातच असे. आता रांगेत चालते-फिरते लोक होते. त्यांतला कोण वर्षभरात जाईल आणि कोण औषधांवर पाच वर्षे काढील, हे नजरेने सांगता येत नव्हते. चुकीच्या माणसाला आरोपण दिले तर दोघांचे नुकसान: ज्याला गरज नव्हती त्याला शस्त्रक्रियेची जोखीम, आणि ज्याला होती त्याला मृत्यू.

याच सुमारास कार्ल वेबर आणि जोसेफ जॅनिकी यांनी हिलच्या कमाल मर्यादेला रुग्णालयात आणले. १९८२ मध्ये त्यांनी हृदय निकामी झालेल्या रुग्णांना ट्रेडमिलवर चालवले, तोंडात नळी देऊन प्रत्येक श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजला, आणि कमाल ऑक्सिजन-वापरावरून त्यांचे चार गट केले. किलोमागे मिनिटाला २० मिलिलिटरच्या वर असणारे पहिल्या गटात, १६ ते २० दुसऱ्यात, १० ते १६ तिसऱ्यात आणि १० च्या खाली चौथ्यात. रुग्णाने काय सांगितले याला आता महत्त्व उरले नाही. भीतीही खोटी ठरली: डॉक्टर समोर उभे असताना, ईसीजी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून हळूहळू श्रम वाढवत नेले तर ही चाचणी अशा रुग्णांनाही झेपते, हे दिसले.

आकड्याला भवितव्याशी जोडण्याचे काम फिलाडेल्फियात झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आरोपणासाठी पाठवलेल्या रुग्णांवर डॉना मॅन्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९८६ च्या अखेरपासून १९८९ च्या अखेरपर्यंत ही चाचणी केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी १४ मिलिलिटरची रेषा आखली. त्या रेषेच्या वरचे ५२ रुग्ण आरोपणाच्या यादीत न घालता औषधांवरच ठेवले. हा निर्णय धाडसाचा होता. इजेक्शन फ्रॅक्शन पाहिले तर या लोकांची हृदये यादीतल्यांइतकीच दुबळी होती. वर्षभराने त्यांच्यातले ९४ टक्के हयात होते, म्हणजे आरोपण झालेल्यांच्या तोडीचे किंवा सरसच. १४ च्या खाली असूनही इतर आजारांमुळे ज्यांना आरोपण देता आले नाही, त्यांच्यात वर्षभर जगलेले ४७ टक्के होते. एकाच खोलीत, एकाच यंत्रावर काही मिनिटे चाललेल्या माणसांच्या आयुष्यात एवढी तफावत होती, आणि ती त्या मिनिटांत दिसली होती. १४ हा आकडा लवकरच जगभरच्या आरोपण केंद्रांत प्रमाण मानला जाऊ लागला.

१४ मिलिलिटर म्हणजे निवांत बसलेल्याच्या चौपट. सपाटीवर झपझप चालायला साधारण तेवढाच ऑक्सिजन लागतो. पण कमाल मर्यादेवर माणूस थोडा वेळच टिकतो. तासन्तास करायचे काम तिच्या बरेच खालच्या पातळीवरच जमते. म्हणून ज्याची मर्यादा १४ आहे तो दिवसभर झपझप चालू शकत नाही, घरातल्या हलक्या कामांतच त्याचा दिवस जातो. डोक्यावर तेंदूपत्त्याचे ओझे घेऊन जंगलातून परतणे ही त्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. कष्टावर पोट असलेल्या घरात या आकड्याचा अर्थ जगण्या-मरण्याच्या आधी रोजगाराशी येऊन भिडतो.

पुढची पंधरा वर्षे या रेषेला घासूनपुसून घेण्यात गेली. बायका, वयस्क आणि स्थूल माणसे यांची मर्यादा मुळातच कमी असते, म्हणून त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या किती टक्के, हेही पाहायचे ठरले. जो रुग्ण कंटाळून किंवा गुडघे दुखतात म्हणून लवकर थांबला, त्याचा आकडा फसवा असतो. त्यासाठी बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे घेतलेल्या ऑक्सिजनशी गुणोत्तर पाहतात, ते १.०५ च्या वर गेले नाही तर श्रम पुरते झाले नाहीत असे धरतात. १९९७ मध्ये कीथ ॲरनसन, मॅन्सिनी आणि सहकाऱ्यांनी कमाल ऑक्सिजन-वापराबरोबर नाडी, रक्तदाब, रक्तातले सोडियम अशा एकूण सात गोष्टी एकत्र करून जगण्याचा अंदाज बांधणारे गणित दिले. दरम्यान बीटा-ब्लॉकर औषधांनी रुग्णांचे आयुष्य वाढवले, पण त्यांची कमाल मर्यादा तेवढी वाढली नाही. म्हणजे १३ वर असलेला आजचा रुग्ण १९९१ च्या १३ वाल्यापेक्षा जास्त जगतो. २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हणून बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी रेषा १२ वर आणली गेली.

याच चाचणीतून आणखी एक खूण हाती आली, आणि ती कदाचित अधिक मोलाची आहे. निरोगी माणूस एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला साधारण २५ ते ३० लिटर हवा आत-बाहेर करतो. हृदय निकामी झालेल्याला ३५, ४० किंवा ४५ लिटरही लागतात. फुप्फुसांत हवा पोहोचते पण रक्त पुरेसे पोहोचत नाही, आणि श्वासाचे नियंत्रण फाजील जागरूक झालेले असते. हे प्रमाण ३४-३५ च्या वर गेले की धोका वाढतो. रुग्णाने श्रम मध्येच सोडले तरी ते बऱ्यापैकी खरे उतरते, हा त्याचा मोठा गुण. ‘चालले की दम लागतो’ या तक्रारीचे सर्वांत जवळचे गणिती रूप हेच.

या सगळ्याला खर्चिक यंत्र लागते, ते रोज जुळवून घ्यावे लागते, आणि ते चालवणारा जाणकार लागतो. म्हणून त्याच काळात एक दुसरी वाट निघाली. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये सैनिकांची तंदुरुस्ती पाहण्यासाठी बारा मिनिटांत किती अंतर धावता येते ते मोजले. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी तीच बारा मिनिटे श्वासनलिकेच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना चालवले. त्यांना ती जास्त होत. १९८२ मध्ये बटलंड यांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाली ताडून पाहिल्या आणि सहा मिनिटे पुरेशी आहेत असे दाखवले. कॅनडातल्या हॅमिल्टनचे गॉर्डन गायट यांनी १९८५ मध्ये, आणि लंडनच्या लिपकिन यांनी १९८६ मध्ये ही चाल हृदय निकामी झालेल्या रुग्णांना लावली. गायट यांच्याच गटाला आढळले की बाजूने शाबासकी देत राहिले तर रुग्ण जास्त अंतर जातो. तेव्हापासून दर मिनिटाला काय बोलायचे याची ठरावीक वाक्ये झाली, आणि त्याहून जास्त बोलायचे नाही असा दंडक आला.

या साध्या चालीला भविष्य कळते का, याचे उत्तर १९९३ मध्ये वेरा बिटनर आणि सहकाऱ्यांनी दिले. ‘सॉल्व्ह्ड’ या मोठ्या अभ्यासातल्या ८९८ रुग्णांना त्यांनी सहा मिनिटे चालवले आणि सरासरी आठ महिने त्यांच्यावर लक्ष ठेवले. ३०० मीटरही न गेलेल्यांपैकी सुमारे १० टक्के त्या काळात दगावले, तर ४५० मीटर किंवा अधिक गेलेल्यांपैकी ३ टक्के. आजार बळावून रुग्णालयात भरती व्हावे लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २२ टक्के आणि दुसऱ्यात २ टक्के होते. पुढच्या अभ्यासांत सगळीकडे इतका स्पष्ट फरक दिसला नाही, आणि चांगले चालणाऱ्यांमध्ये ही चाचणी बारकावे दाखवत नाही. आरोपणाचा निर्णय केवळ तिच्यावर घेता येत नाही. पण ३०० मीटरच्या आत थांबणारा रुग्ण धोक्यात आहे हे ती सांगते, आणि जिथे दुसरे काही सांगणारे नाही तिथे हे फार मोठे आहे.

मोजणीच्या या इतिहासाने उपचारही बदलले. श्रमात थांबणाऱ्या अनेक रुग्णांच्या पायांचे स्नायूच खंगलेले असतात आणि अंथरुणावर पडून ते आणखी खंगतात, हे नव्वदच्या दशकात उमगले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-ॲक्शन’ या २,३३१ रुग्णांच्या अभ्यासाने स्थिर रुग्णांना देखरेखीखाली दिलेला नियमित व्यायाम सुरक्षित असल्याचे दाखवले. बर्च यांच्या काळातली सक्तीची विश्रांती आता पाठ्यपुस्तकांतून गेली आहे.

महाराष्ट्रात आरोपणाची वाट पुन्हा सुरू व्हायला फार वर्षे जावी लागली. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईत मात्र ते ऑगस्ट २०१५ मध्ये, सेन यांच्या प्रयत्नानंतर ४७ वर्षांनी घडले: मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने पुण्याहून आणलेले हृदय बसवले. १९६८ मध्ये परळला जो प्रश्न पडलाच नव्हता, त्याचे साधन आता यादी करताना हाताशी होते.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला चित्र वेगळे आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग तोडून गडचिरोली जिल्हा झाला; योगायोगाने वेबर यांच्या गटवारीचेही तेच वर्ष. गडचिरोलीचा बहुतांश भूभाग जंगलाखाली आहे. दक्षिणेचे सिरोंचा जिल्ह्याच्या ठाण्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वर्षानुवर्षे येत राहिले. तिथे हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये आले, गडचिरोलीला २०२४ मध्ये. श्वासातले वायू मोजणारी यंत्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांच्या हृदयरोग केंद्रांत असतात, आणि इथून सर्वांत जवळचे मोठे शहर म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवरचे नागपूर.

तरी शरीराची एखादी हालचाल मोजून मृत्यूचा धोका ओळखणे या मुलखाला नवे नाही. किंबहुना त्यातला जगाने वाखाणलेला एक धडा इथलाच आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गडचिरोलीतल्या ५८ गावांत लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केले. गावातले आरोग्यसेवक आणि दाया मुलाचे मिनिटातले श्वास मोजत आणि वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गावातच औषध देत. निरक्षर दायांसाठी संस्थेने मण्यांचे श्वासमापक बनवले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, शेजारी एका मिनिटाची वाळूची घडी, आणि वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. उपचार मिळालेल्या ६१२ मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आजार निराळा, वय निराळे. पण नेमकी मोजणी, ठरलेली मर्यादा आणि ती ओलांडताच ठरलेली कृती हा सांगाडा तोच आहे.

दरम्यान मरणाची कारणेही बदलली. ‘सर्च’मधल्याच डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षे मागोवा घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण निघाले, दर सात मृत्यूंमागे एक. पक्षाघाताच्या मुळाशी असलेला उच्च रक्तदाब हृदय निकामी होण्याच्याही मुळाशी असतो. शहरी म्हणून ओळखले जाणारे रोग जंगलातल्या गावांत पोहोचले आहेत, आणि तरुण वयात सांधेतापाने झडपा बिघडलेले रुग्णही आहेतच. केरळमधल्या तिरुवनंतपुरमच्या नोंदवहीत हृदय निकामी होऊन भरती झालेल्या रुग्णांचे सरासरी वय ६१ निघाले, पाश्चात्त्य नोंदवह्यांपेक्षा दहाएक वर्षे कमी. म्हणजे भारतात हा आजार कमावत्या वयाच्या जवळ येतो.

अशा ठिकाणी सहा मिनिटांची चाल उपयोगी आहे, पण ती वाचायला इथल्या माणसाची आणि हवेची ओळख लागते. फिकच्या हिशेबात रक्त जितके महत्त्वाचे तितकेच त्यातले हिमोग्लोबिन. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतात सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा गुणधर्म आढळल्याचे १९५८ मध्येच नोंदवले होते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी व इतर समाजांत तो आजही आहे. बायकांमधला रक्तक्षय वेगळाच. हिमोग्लोबिन ७ असलेली बाई २८० मीटरवर थांबली तर दोष हृदयाचा की रक्ताचा, हे आधी रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरा गोंधळ फुप्फुसांचा. चुलीचा धूर, विडी, आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात कोळसा खाणींची धूळ यांनी खराब झालेली फुप्फुसेही चालताना धाप आणतात. यंत्रावरची चाचणी हृदयाचा दम आणि फुप्फुसाचा दम बऱ्याच अंशी वेगळा करते. साधी चाल करत नाही. तिसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारी घेतलेली चाल आणि डिसेंबरच्या सकाळी घेतलेली चाल यांची तुलना करू नये.

चाचणीला ३० मीटर लांबीचा सपाट, सावलीतला रस्ता लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्राचा व्हरांडा बहुधा तेवढा नसतो; लांबी कमी असली तर वळणे वाढतात आणि अंतर घटते, म्हणून दर वेळी तोच व्हरांडा वापरावा आणि त्याची लांबी नोंदीत लिहावी. दोन टोकांना खुणा, एक घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि जमल्यास बोटाला लावायचे ऑक्सिमीटर एवढे साहित्य पुरते. गेल्या महिन्यात हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा बसल्या जागी छातीत दुखणाऱ्या रुग्णाला चालवायचे नाही. बाकीच्यांनी आपल्या नेहमीच्या चपला घालून, लागल्यास काठी घेऊन चालावे. धावायचे नाही, दम लागला तर थांबायचे, घड्याळ मात्र थांबत नाही. छातीत दुखले, भोवळ आली किंवा चेहरा पांढराफटक पडला तर चाचणी तिथेच बंद. शेवटी किती दम लागला हे रुग्णाला विचारतात. त्यासाठी स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी आकड्यांची शिडी बनवली, पण माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्याला ती त्याच्या भाषेतच समजावून द्यावी लागते, नाहीतर उत्तर डॉक्टरला आवडेल असे मिळते.

पहिल्या खेपेला माणूस बिचकत चालतो, म्हणून शक्य असेल तर अर्ध्या-पाऊण तासाच्या विश्रांतीनंतर दुसऱ्यांदा चालवून जास्तीचे अंतर धरतात. एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याच रुग्णाचा तीन किंवा सहा महिन्यांनंतरचा आकडा जास्त बोलका असतो. ३० मीटरपर्यंतचा फरक रोजच्या चढउतारात जाऊ शकतो; त्याहून मोठी घट झाली तर औषधे घेतली जातात का, मीठ किती खाल्ले जाते, वजन वाढले का, नाडी अनियमित झाली का, हे पाहून औषधांची मात्रा बदलतात. ३०० मीटरच्या आत थांबणारा, किंवा औषधे पुरती देऊनही अंतर घटतच चाललेला रुग्ण नागपूरच्या हृदयरोग केंद्राकडे पाठवायचा. तिथे श्वासातले वायू मोजून कमाल मर्यादा ठरते आणि हृदयात बसवायचे यंत्र, झडपेची शस्त्रक्रिया किंवा आरोपण यांपैकी त्याच्यासाठी काय शक्य आहे याचा विचार सुरू होतो.